हद्दीपलीकडचं अंथरूण

स्वयंपाकघराच्या फरशीत काळ्या दगडांची एक ओळ होती. दाराच्या उंबऱ्यापासून ती सुरू व्हायची आणि मागच्या खिडकीखाली संपायची. ओळीच्या अलीकडे चूल, टेबल आणि दोन खुर्च्या; ही मार्लथॉर्प गावाची हद्द. पलीकडे भांड्यांची फळी, जिना आणि जिन्यावरची झोपायची खोली, ती केल्डबीची. रेव्हरंड ऑब्री फेन्विक सकाळचा चहा मार्लथॉर्पमध्ये पीत आणि झोपायला केल्डबीत जात.

घर त्यांनी मुद्दाम असे शोधले होते. निवृत्त झालेल्या पाद्र्याने आपले गाव सोडायचे, हा चर्चचा रिवाज. जुना पाद्री डोळ्यांसमोर असला की लोक लग्नाला आणि मर्तिकाला त्यालाच बोलावतात, आणि नव्याची किंमत राहत नाही. बिशपांनी निरोपाच्या जेवणात हे सौम्यपणे सांगितले. फेन्विकनी शब्द दिला, "मार्लथॉर्पमध्ये मी राहणार नाही." दिलेला शब्द त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. पण गावात एकोणतीस वर्षे गेली होती, आणि त्यांची विनिफ्रेड तिथल्या चर्चच्या आवारात, भिंतीकडेच्या हॉथॉर्नच्या झाडाखाली चार वर्षे झोपली होती. मग त्यांनी ओढ्याकाठचे हे घर घेतले. माणूस कुठला, तर त्याचे अंथरूण असेल तिथला, असे लिंकनशायरच्या त्या भागात पिढ्यान् पिढ्या मानत आले आहेत. अंथरूण केल्डबीत, म्हणून शब्द पाळला गेला. चहाचा कप मार्लथॉर्पमध्ये, म्हणून मनही राहिले. हिशेब दोन्हीकडून जुळला, असे त्यांना वाटले.

पहिल्याच आठवड्यात, चुलीपाशी मोजे रफू करताना, हिशेबातली चूक त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी सुई टेबलावर ठेवली.

ही चूक कळायला थोडे मागे जावे लागेल.

ऑब्री हे हल बंदरातल्या एका दोरखंडाच्या दुकानदाराचे सहावे अपत्य. बापाची इच्छा त्यांनी गल्ल्यावर बसावे अशी. दोन वर्षे ते बसलेही. डांबर लावलेल्या दोरांची वजने केली, कोळ्यांच्या शिव्या ऐकल्या. पण रविवारी चर्चमध्ये गाताना चेहऱ्यावर जे यायचे ते गल्ल्यावर कधी आले नाही. ते एका म्हाताऱ्या पाद्र्याने पाहिले आणि बापाची समजूत घालून मुलाला डरॅमला शिकायला पाठवले. पुढे लीड्समध्ये, रंगाच्या कारखान्यांमागच्या वस्तीत, त्यांनी अकरा वर्षे हाताखालच्या पाद्र्याची नोकरी केली. वर ओळख नसली की एवढी वर्षे लागतातच. मधे महायुद्ध आले, तेव्हा ते इस्पितळाच्या जहाजावर होते.

विनिफ्रेड लीड्सची. तिचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत; त्यांना बरे नसले की ती वाजवी, आणि फार वाईट वाजवी. "तुमचं गाणं आणि माझं वाजवणं एकमेकांना झाकतं, म्हणून निभतंय," असे तिने पहिल्याच भेटीत त्यांना ऐकवले. लग्नानंतर लवकरच मार्लथॉर्प मिळाले. दगडी बुरूज, तिरक्या उतारावरची घरे, मेंढ्या. मूलबाळ झाले नाही. विनीने मधमाश्या पाळल्या, गावातल्या अर्ध्या बाळांना पहिली अंघोळ घातली, आणि नवऱ्याची प्रवचने इतकी छाटली की शेतकरी म्हणत, आमच्या पाद्रीसाहेबांच्या प्रवचनात मेंढरूसुद्धा झोपत नाही, तेवढा वेळच मिळत नाही. मोठ्या चर्चमधून दोनदा बोलावणे आले. दोन्ही वेळा फेन्विकनी नकार कळवला.

चर्चचे आवार मात्र अपुरे होते. मागे टेकडी, पुढे रस्ता, बाजूला ओढा. वाढवायला जागा नाही. आसपासच्या गावांतले आणि शहरात गेलेले लोकही मेल्यावर मार्लथॉर्पची माती मागत. भांडणे होऊ लागली तेव्हा फेन्विकनी समितीपुढे नियम मांडला: ज्याचे अंथरूण मार्लथॉर्पच्या हद्दीत, त्यालाच इथे जागा. ती ओळीने मिळेल, राखून कुणालाच नाही, पाद्र्यालाही नाही. सगळ्यांनी हात वर केले. त्यांत सुतार ईलाय सौटरचाही हात होता.

ईलायची बायको मार्था तोवर गेली होती. म्हाताऱ्याची छाती खराब झाली, म्हणून मुलीने त्याला एका हिवाळ्यापुरते समुद्राकाठी आपल्या घरी नेले. एकाचे तीन हिवाळे झाले आणि ईलाय तिथेच वारला. मुलगा जाबेझ सायकलवरून पाद्र्याच्या घरी आला. ओल्या टोपीनिशी दारातच उभा राहिला.

"पाद्रीसाहेब, आईच्या शेजारची जागा रिकामी आहे अजून."

"माहीत आहे, जाबेझ. पण ईलायचं अंथरूण तीन वर्षं इथे नव्हतं."

"तो परत येणारच होता. त्याची हत्यारंसुद्धा हलवली नव्हती आम्ही."

"नियमाला त्याने स्वतः हात वर केला होता. आज तुला सूट दिली, तर काल ज्यांना नाही म्हटलं त्यांना मी काय तोंड दाखवू?"

जाबेझने हुज्जत घातली नाही. "बरं," म्हणाला आणि गेला. ईलायला शहरातल्या दफनभूमीत, अनोळखी पाद्र्याने, अनोळखी माणसांच्या रांगेत पुरले. त्याच वर्षी मार्थाच्या शेजारी, ओळीने आली म्हणून, मिल्नर खाटकाला जागा मिळाली. जिवंतपणी मार्थाने त्याच्याकडून कधी मांस घेतले नव्हते, त्याचा काटा खोटा म्हणून.

जाबेझने बापासारखेच चर्चच्या वॉर्डनचे काम चालू ठेवले. बॉयलर पेटवी, छपराची कौले बघे, पाद्र्याला दारातून आत घेई. फक्त एक गोष्ट त्याने सोडली. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे वेदीपुढे गुडघे टेकत, तेव्हा तो शेवटच्या बाकापाशी हात बांधून उभा राही. फेन्विक निवृत्त होईपर्यंत, आठ वर्षे, त्याने त्यांच्या हातची भाकर घेतली नाही.

आता मोजे रफू करताना फेन्विकना काय दिसले, ते सांगायला नको. अंथरूण केल्डबीत ठेवून त्यांनी बिशपांना दिलेला शब्द पाळला होता, आणि विनीशेजारची जागा घालवली होती. स्वतःच्याच नियमाने. अंथरूण ओळीअलीकडे आणावे तर शब्द मोडतो. सूट मागावी, तर जाबेझसमोर कोणत्या तोंडाने?

त्यांनी काहीच केले नाही. रविवारी केल्डबीच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. तिथला पाद्री दाढीत पुटपुटे. तेवढ्यात वारा अनुकूल असला तर मार्लथॉर्पच्या घंटा ऐकू येत, आणि फेन्विक त्यांवरून ओळखत की आज तिसरी घंटा कुणी ओढली. आपल्या खिडकीतून त्यांना बुरुजाचे टोक आणि हॉथॉर्नचा शेंडा दिसे. मे महिन्यात तो फुलांनी पांढरा होई. वर्षातून एकदा, विनीच्या दिवशी, ते तिच्यापाशी जात, एरवी नाही. जुना पाद्री सारखा आवारात दिसू नये.

आणि वर्षातून एकदा मार्लथॉर्प त्यांच्याकडे येई. येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवाराआधीच्या सोमवारी गावाची हद्द फिरायची, शेतांना आशीर्वाद मागायचा, सोललेल्या विलोच्या काठ्यांनी हद्दीचे दगड बडवायचे. हद्द ज्या घरातून जाते त्या घरातूनच मिरवणूक जाते. उंबऱ्यातून आत, काळ्या दगडांवरून चालत, मागच्या खिडकीतून बाहेर. फेन्विक स्वतः एकोणतीस वेळा त्या खिडकीतून उतरले होते. आता ते आतून वाट पाहत.

चौथ्या वर्षीच्या त्या सोमवारी मिसेस हॉब्डे पहाटेच आल्या. या जुन्या घंटावाल्याच्या विधवा. रोज ओढा ओलांडून मार्लथॉर्पहून येत आणि फेन्विकचे दोन वेळचे बघत. आल्याच्या बिस्किटांचे ताट भट्टीत सारून त्या त्यांच्याकडे वळल्या.

"बसा खाली. दहा वेळा खिडकीशी गेलात. नवरी येणार असल्यासारखं चाललंय."

"ढग बघत होतो."

"ढग बुरुजावरच जमतात वाटतं तुमचे. काल डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, जिना कमी चढा."

"एवढंच?"

"बाकीचं लॅटिनमध्ये होतं."

मिसेस हॉब्डेंनी फडक्याने हात पुसले. डॉक्टर त्यांच्याशीही बोलले होते, आणि लॅटिनमध्ये नव्हे. "पाद्रीसाहेब, पलीकडची रांग भरली. काल आमच्या रॉबने तिथली शेवटची कबर खणली. आता नवी रांग हॉथॉर्नपासून सुरू, म्हणजे पुढचा जो कोणी जाईल तो बाईसाहेबांच्या शेजारी. मीच जाऊन पडते बघा तिथे, नाहीतर तुम्ही काही तोंड उघडणार नाही."

"तिला तुमची सोबत आवडेल."

"मला नाही आवडायची. मी आयुष्यभर भिंतीकडेला झोपलेय, आणि भिंत बाईसाहेबांकडे आहे."

बाहेर काठ्यांचा आवाज आला. फेन्विक उठले, कोट झटकला आणि ओळीच्या पलीकडे, केल्डबीच्या बाजूला, जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. दरवर्षी ते तिथेच उभे राहत.

आधी नवे पाद्री आले. कॉलिन मॅडॉक्स, पूर्वी नौदलात होते, अजूनही दारातून वाकून आत येण्याची सवय. मागे चाळीसएक माणसे, चिखलाचे बूट, हिरव्या वासाच्या काठ्या. घर भरून गेले. "कसे आहात, पाद्रीसाहेब?" "वजन घटलं की काय?" "आमच्या नेलला मुलगा झाला, नाक अगदी बापाचं, बिचाऱ्याचं!" प्रत्येक जण ओळीवरून चालता चालता बिस्कीट उचलत होता, आणि फेन्विक प्रत्येकाचे नाव घेत होते. कुणाला हात लावायचा तर त्यांना ओळीवर झुकावे लागे, आणि ते झुकत होते.

मॅडॉक्स थांबले. मिसेस हॉब्डेंनी त्यांच्याशी आधीच काहीतरी ठरवले असावे, कारण त्या भट्टीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सर, सगळ्यांसमोरच बोलतो. मिसेस फेन्विकच्या शेजारची जागा तुमची आहे. मी आणि समिती मिळून परवानगी देऊ शकतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"अहो, हो म्हणा!" मागून कुणीतरी ओरडले. काठ्या फरशीवर आपटल्या.

फेन्विकच्या चेहऱ्यावर क्षणभर असे काही आले, की मिसेस हॉब्डेंना वाटले, झाले, हो म्हणतात आता. बहात्तर वर्षांचा तो माणूस मिठाईच्या दुकानाबाहेरच्या पोरासारखा दिसत होता. मग त्यांची नजर दाराकडे गेली. उंबऱ्यात जाबेझ सौटर उभा होता, सगळ्यांत मागे, हात बांधून.

"नको, मॅडॉक्स," ते म्हणाले. "आभारी आहे. पण ईलाय सौटरला मी जे नाकारलं, ते स्वतःसाठी घेता येणार नाही मला."

कुणीतरी बिस्कीट चावत होते, ते थांबले. जाबेझने कुणाकडे पाहिले नाही. ओळीवरून चालत तो खिडकीशी गेला, पाय टाकला आणि बाहेर उतरला. त्याच्यामागून बाकीचे उतरले. थोड्या वेळाने ओढ्याकाठच्या दगडावर काठ्यांचा आवाज आला, पण दरवर्षीसारखा जोर त्यात नव्हता.

"मूर्ख," मिसेस हॉब्डे भट्टीला म्हणाल्या.

मंगळवारी मॅडॉक्स एकटे आले. खुर्ची उलटी करून बसले. "बिशपांना दिलेला शब्द माझ्यासाठीच होता ना, सर? म्हणजे माझ्याआड तुम्ही येऊ नये म्हणून?"

"तुमच्या जागी जो येईल त्याच्यासाठी. हो."

"मग मी तो परत करतोय. बिशपांशी काल बोललो. ते म्हणाले, चार वर्षं पुरे. आणि खरं सांगू? लोक मला तुमच्या गोष्टी सांगत असतात. तुम्ही समोर असलात तर निदान त्यांतल्या निम्म्या खोट्या तरी ठरतील."

फेन्विक हसले. पण सूट घ्यायला ते तयार झाले नाहीत, आणि पलंग हलवायची गोष्ट मॅडॉक्सनी काढली तेव्हा म्हणाले, "कबरीसाठी पलंग हलवायचा, म्हणजे सूटच ती. फक्त मागच्या दाराने."

गुरुवारी दुपारी दारावर थाप पडली. मिसेस हॉब्डे घरी गेल्या होत्या. दारात जाबेझ होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात दोर.

"पलंग वरच आहे ना?"

"जाबेझ, मी मॅडॉक्सना सांगितलंय..."

"त्यांनी सांगितलं मला. लोखंडी आहे का लाकडी?"

"लोखंडी."

"मग बोल्ट गंजले असतील," असे म्हणून तो बाजूने आत आला, ओळ ओलांडून जिना चढला. वरून ठोकण्याचे आवाज यायला लागले. फेन्विक जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले. चढावे तर डॉक्टर, न चढावे तर हा.

"जाबेझ! हे मला घेता येणार नाही. तुझ्याकडून तर नाहीच."

"सूट देत नाही मी. माझ्यानं दिली जायची नाही, खोटं कशाला बोला." पलंगाचे डोक्याकडचे लोखंड दोराने खाली येऊ लागले. "धरा ते. हळू. नियमात काय म्हटलंय? अंथरूण. अंथरूण मार्लथॉर्पमध्ये आलं की तुम्ही इथले. मग कुणी कुणावर उपकार केले नाहीत."

"आणि ईलाय?"

वरचा आवाज थांबला. जाबेझ जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन बसला. त्याच्या हातात पाना होता.

"बापाचं तुम्ही नियमानं केलंत. तुम्ही चुकलात असं मी कधी म्हटलं नाही. मला फक्त तुमच्या हातून भाकर घेववेना." त्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "हे तुमच्यासाठी नाही करत मी. बाईसाहेबांसाठी करतोय."

"विनीसाठी?"

"शनिवारी त्या चर्चमधली फुलं बदलायला यायच्या. जुनी टाकायच्या नाहीत. आईच्या कबरीवर नेऊन ठेवायच्या. बाप तिकडे पुरला त्या आठवड्यापासून. त्या जाईपर्यंत. मी बॉयलरच्या खोलीतून बघायचो."

फेन्विकच्या हातात पलंगाचे लोखंड होते. ते त्यांनी भिंतीला टेकवले. तिच्याबरोबरचे शनिवार त्यांना आठवत होते. ती ओल्या बुटांनी घरी यायची, उशिरा यायची, आणि ते प्रवचनावर वाकलेले असायचे. कुठे होतीस, असे त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

"मला बोलली नाही कधी," ते म्हणाले.

"एकदा मला पकडलं त्यांनी बघताना. म्हणाल्या, 'जाबेझ, साहेबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटेल मी त्यांच्याविरुद्ध मत दिलं.'" जाबेझच्या तोंडाचा कोपरा हलला. "मग दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, 'दिलंच आहे म्हणा.'"

फेन्विकना ती वळून बोलताना दिसली. मान कशी, टोपीची पिन कशी. आठ वर्षांत इतकी स्पष्ट ती कधी दिसली नव्हती.

"माझी आई तिथे खाटकाशेजारी आहे," जाबेझ उठत म्हणाला. "ते आता फिरत नाही. पण बाईसाहेबांच्या शेजारी कोणीतरी उपटसुंभ आलेला मला बघवणार नाही. धरा, पाय येतोय पलंगाचा."

फेन्विकनी धरला. एकेक तुकडा खाली आला. दांडे, पट्ट्या, गादी, विनीने शिवलेली गोधडी. त्यांनी ते सगळे काळ्या दगडांवरून अलीकडे आणले. टेबल खिडकीशी सरकवावे लागले. जाबेझने गुडघ्यावर बसून बोल्ट आवळले, पलंग हलवून पाहिला, एका पायाखाली लाकडाची चकती घातली.

"डोकं चुलीकडे की दाराकडे?"

"तोंड खिडकीकडे," फेन्विक म्हणाले. "झाड दिसेल तिकडे."

जाबेझने पलंग फिरवला. दोर गुंडाळला, हत्यारे पिशवीत टाकली. हात पुढे केला नाही, फेन्विकनीही केला नाही. तो दारापर्यंत गेला.

"जाबेझ." फेन्विक पलंगाच्या कडेवर बसले होते, गोधडीवर दोन्ही हात ठेवून. "आणखी काय म्हणायची ती? त्या शनिवारांना. तुझ्या आईपाशी फुलं ठेवताना. काही बोलायची का?"

"बोलायच्या कधीकधी. खिडकीतून ऐकू यायचं. एवढं काही नाही. मधमाश्यांचं. तुमच्या खोकल्याचं."

"माझ्या खोकल्याचं काय?"

जाबेझने बाहेर उन्हाकडे पाहिले. कौलांचे काम राहिले होते, आणि संध्याकाळी स्वर्गारोहणाची प्रार्थना होती. त्याने पिशवी उंबऱ्यात ठेवली, टोपी काढली, चुलीजवळची खुर्ची ओढून घेतली आणि आठवायला लागला.